आधी ठोकून बघा

घरातली फरशी बिघडली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळी उखडा, नवी घाला, एकदाच काय तो त्रास होऊन जाऊ दे. दुसरा म्हणतो, बिघडलंय तेवढंच दुरुस्त करा, बाकीला हात लावू नका. आमच्या सोसायटीत हे दोन्ही तट मला एकाच खोलीत, एका मामा-भाचीच्या तोंडून ऐकायला मिळाले. मामा मूळचे अक्कलकोटकडचे. मिस्त्री, सगळं आयुष्य फरशीच्या कामात गेलेलं. भाची सिव्हिल इंजिनिअर, पुण्यात घरांच्या दुरुस्तीची कामं घेते. कामं दोघं मिळून करतात; मतं मात्र ज्याची त्याच्यापाशी.

प्रकरण असं. इमारत 1980च्या दशकातली. एका फ्लॅटमध्ये हॉलला आणि खोल्यांना मूळची दहा इंची मोझॅक. स्वयंपाकघरात मात्र आधीच्या मालकाने त्या मोझॅकवरच दोन बाय दोन फुटी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवून घेतलेल्या. डिसेंबरात एका पहाटे तिथून मोठा आवाज आला. घरच्या बाई उठून पाहतात तो ओट्यासमोरच्या चार टाइल्स जोडीजोडीने एकमेकींवर रेलून उभ्या. तिथे कोणी नव्हतं, काही पडलंही नव्हतं. परदेशातल्या मुलाने फोनवर निकाल दिला : सगळ्या घराची फरशी काढून नवी घाला, पैसे मी पाठवतो.

मामा आले, उकिडवे बसले आणि खिशातून दहा रुपयांचं नाणं काढून एकेक टाइल वाजवायला लागले. आधी मधोमध, मग चारी कोपऱ्यांवर. खणखणीत वाजली की पुढे सरकायचे. बद्द वाजली की खडूने फुली. उठलेल्या टाइल्स चारच होत्या, फुल्या पडल्या अकरा. मोझॅकच्या हॉलमध्ये त्यांनी हाच उद्योग केला, तेव्हा दारापाशी दोन फुल्या पडल्या, बाकी सगळी खोली खणखणीत.

मामा : सिमेंट-वाळूच्या मालावर बसवलंय खरं, पण माल धरलाच नाही. उचललेल्या टाइलची पाठ बघा, कोरी आहे. खाली जुनी घासलेली मोझॅक, तिला छिन्नीने टोचे मारायला पाहिजे होते. गुळगुळीत अंगावर माल टाकला की तो नुसता बसून राहतो.

भाची : मामा, टोचे मारले असते तरी वरची बाजू सुटलीच असती. तुम्ही शहाबादीला, मोझॅकला सिमेंटचं पाणी मारून बसवता, ते चालतं, कारण ते दगड पाणी पितात. सिमेंट त्यांच्या अंगात शिरतं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही. तिच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी ती शोषत नाही. मग नुसतं सिमेंट तिला धरणार कशाला? तिला केमिकलच पाहिजे. टाइल चिकटवायच्या केमिकलसाठी भारतीय मानक आहे, आयएस 15477. पिशवीवर तो आकडा छापलेला असतो, तो बघून घ्यायचा.

मामा : केमिकल मी पण वापरतो. पण तुझी पोरं काय करतात? टाइलच्या पाठीवर पाच ठिकाणी गोळे लावतात, चार कोपरे आणि एक मध्ये, आणि दाबून मोकळी होतात. मधल्या पोकळीवर उद्या वरवंटा पडला की टाइल तडकली.

भाची : ते चूकच आहे. दातेरी थापीने खाली सगळीकडे रेघा ओढायच्या, टाइलच्या पाठीलाही पातळ हात मारायचा, मग दाबायची. मधूनच एखादी उचलून बघायची, पाठ भरली की नाही ते. पण मामा, इथलं खरं दुखणं वेगळंच आहे. फट कुठंय? टाइलला टाइल भिडवलीय आणि शेवटची टाइल भिंतीला भिडवलीय.

मामा : गिऱ्हाइकालाच जॉइंट दिसायला नको असतो. फटीत घाण बसते म्हणतात, आणि बसतेही. मी स्पेसर लावले तर म्हणतात, मिस्त्रीला बारीक जॉइंट जमत नाही.

भाची : मग गिऱ्हाइकाला समजावायला पाहिजे. काँक्रीटचा स्लॅब वर्षानुवर्षं थोडाथोडा आकसत असतो, आणि थंडीत आणखी आकसतो. टाइल तेवढी आकसत नाही. सरकायला जागा नसली की सगळ्या टाइल्स एकमेकींना रेटायला लागतात, आणि जिथे पकड कच्ची तिथे दोन टाइल्स वर उठतात. म्हणून हे डिसेंबरातल्या पहाटे झालं. तीन मिलिमीटरची फट आणि चारी भिंतींकडेने आठ-दहा मिलिमीटर मोकळी जागा सोडली असती, तर हे घडलं नसतं. भिंतीकडची फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, ती कोणाला दिसतसुद्धा नाही.

इथे मामा गप्प झाले, आणि मला ते योग्यच वाटलं. या मुद्द्यावर भाचीचं पारडं जड आहे. दुकानात बिनजोडाची म्हणून जी गुळगुळीत जमीन दाखवतात, ती घरात हवी असा हट्ट धरणं म्हणजे पुढच्या एखाद्या हिवाळ्यासाठी बिघाड विकत घेणं आहे. फटीत घाण बसते ही तक्रार खरी. त्यावर इपॉक्सी ग्राउट हा उपाय आहे. तो सिमेंटच्या ग्राउटपेक्षा महाग पडतो, पण निदान स्वयंपाकघरात तरी वापरावा, कारण हळदीचे आणि तेलाचे डाग तो सहसा धरत नाही.

हॉलवर मात्र वाद रंगला. बाईंनी मुलाचा निरोप सांगितला आणि भाचीने आधी मुलाचीच बाजू घेतली.

भाची : ही मोझॅक बघा मामा. जागोजागी बारीक खड्डे, दारापाशी दोन टाइल्स फुटलेल्या, रंग काळवंडलेला. काकूंना रोज पुसायला त्रास होतो. गुडघे दुखतात म्हणून त्या काठी घेऊन चालतात. त्यांना सपाट, उजळ आणि घसरणार नाही अशी जमीन पाहिजे. मॅट फिनिशच्या टाइल्स आता चांगल्या येतात. जुन्याचा सोस आपण करायचा आणि त्रास त्यांनी काढायचा, हे मला पटत नाही.

मामा : सोस नाही पोरी, हिशेब आहे. काळी पडलीय ती वरून. ही टाइल बावीस मिलिमीटर जाड, त्यातला वरचा पाच-सहा मिलिमीटर थर संगमरवराच्या चिपांचा. एका पॉलिशला त्यातला एक मिलिमीटरही जात नाही. तुझ्या चकचकीत टाइलचा वरचा हात एकदा गेला की ती टाकायची. ही चार वेळा घासली तरी खाली तीच टाइल, तोच रंग.

भाची : आणि फुटलेल्या दोन? या डिझाइनची मोझॅक आता कुठून आणणार?

मामा : बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाखालून. त्याखाली हीच टाइल आहे, एकदाही पाय न लागलेली. तिथल्या दोन काढायच्या, इथे बसवायच्या, आणि कपाटाखाली सिमेंटचा कोबा करून टाकायचा. बसवल्यावर नवी दिसेल, पण सगळ्यांना मिळून मशीन लागलं की ओळखू येणार नाही.

ही युक्ती जुन्या मिस्त्र्यांना ठाऊक असते आणि ती सांगायला ते फारसे उत्सुक नसतात, कारण तिच्यात मजुरी थोडी आणि कष्ट फार. टाइल न फोडता काढायची म्हणजे आधी कडेची एक टाइल बळी द्यायची आणि मग तिथून आडवी छिन्नी घालत खालचा माल सोडवत जायचं. घाईचं हे काम नव्हे.

पॉलिशचं कामही लोकांना वाटतं तेवढं सरळ नाही. मशीनला आधी 60 नंबरचा खरखरीत दगड, मग 120चा, शेवटी 320चा किंवा त्याहून बारीक. पहिल्या घासणीनंतर सगळे बारीक खड्डे उघडे पडतात. तेव्हा टाइलच्या रंगाचं सिमेंट पाण्यात कालवून ते भरायचे, ते काही दिवस ओलं राखून पक्कं होऊ द्यायचं आणि मगच दुसरा दगड. मधला हा टप्पा गाळला की दोन महिन्यांत फरशी पुन्हा काळी होते, कारण खड्डे तसेच राहतात आणि धूळ त्यांत बसते. शेवटी ऑक्झॅलिकची पावडर. घरभर राखाडी चिखल होतो, भिंतीचा खालचा हातभर भाग प्लॅस्टिकने झाकावा लागतो, पण एवढं सोसलं तर फरशी खरोखर उजळते.

आणि एक सांगून ठेवतो, कारण त्याने चांगल्या फरश्यांचा नाश झालेला मी पाहिला आहे : मोझॅक, संगमरवर, शहाबादी, कोटा यांवर ॲसिड ओतू नका. संडासाचं क्लीनर तर मुळीच नाही. संगमरवर आणि शहाबादी हे चुनखडीचेच दगड. आम्ल लागलं की ते विरघळतात. सांडलेला लिंबाचा रससुद्धा त्यांच्यावर डाग पाडून जातो.

भाची : बरं, पॉलिशचं मान्य. पण समजा काकूंच्या मुलाला नवीच टाइल पाहिजे. मोझॅकवर केमिकलने पातळ टाइल बसवली तर फोडाफोड नाही, धूळ नाही.

मामा : आणि दार? अर्धा-पाऊण इंच जमीन वर आली की सगळी दारं खालून कापायची.

भाची : म्हणून तर मालावर नको म्हणते. मालावर केलं तर दोन इंच चढेल. शिवाय वजन बघा. दीड इंच माल आणि टाइल धरली तर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास नवा भार येतो. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला दोनशे किलो धरून काढतात. त्यातला निम्मा तुम्ही एका दिवसात कायमचा चढवून बसणार, तेही चाळीस वर्षांच्या स्लॅबवर.

मामा : आणि उखडलं तर? या दोनशे फुटी हॉलमधून मालासकट अडीच टन राडारोडा निघेल. तो जिना उतरून खाली न्यायचा, आणि टेम्पोवाला तो रात्री कुठे ओततो ते तुला माहीत आहे.

ते आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. टेकडीच्या पायथ्याला आणि नदीपात्राच्या कडेला पडलेले टाइलांचे ढीग पुण्यात कोणालाही दिसतात. बांधकामाच्या राडारोड्यासाठी 2016पासून केंद्राचे स्वतंत्र नियम आहेत. महापालिकेच्या ठरलेल्या जागीच तो जायला हवा. फरशी उखडायला सांगणाऱ्या घरमालकाने तो कुठे गेला याची पावती मागितली पाहिजे. काम ठेकेदाराचं असलं तरी माती आपल्या घरातली असते.

मामांच्या जुन्या फरशीवरच्या प्रेमामागे त्यांचा मुलूखही आहे, असं मला वाटतं. अक्कलकोट सोडून रेल्वेने आग्नेयेला निघालं की गुलबर्गा, शहाबाद, वाडी अशी स्टेशनं लागतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा. तो फोडला तर धोंडे आणि खडी निघते, सपाट लादी सहजी सुटत नाही. भीमेच्या खालच्या अंगाला मात्र त्या कातळाचा थर संपतो आणि त्याच्याहून कितीतरी जुना, थरांचा चुनखडी दगड वर येतो. तो थराथराने सुटतो, म्हणून लादीसाठी त्याच्यासारखा दगड नाही. सोलापूर, पुणे, नगर, मराठवाडा इथल्या किती घरांना, शाळांना आणि देवळांना त्या एका पट्ट्याने जमीन दिली! आंध्राचा काळा कडप्पा ओट्यांवर आला, राजस्थानचा कोटा जिन्यांवर. मुंबईत रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल्स आधी विलायतेहून यायच्या. 1922मध्ये सिधवा कुटुंबाने भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू करून त्या इथेच, स्वदेशी म्हणून बनवायला घेतल्या. आज देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीत भाजल्या जातात, आणि छोट्या गावातल्या दुकानातही त्यांचेच खोके रचलेले दिसतात.

मामा : गावाकडं आमच्या घरात अजून शहाबादीच आहे. एक लादी खचली तर उचलतो, खाली मुरूम भरतो, धुम्मस मारतो, तीच लादी परत बसवतो. दोन तासांचं काम.

भाची : पण ती खचते का, ते पण सांगा. काळ्या मातीवर घर, आणि भराव एका दमात टाकलेला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तळमजल्याला ती जमेल तेवढी काढून वीतवीतभर थरांनी मुरूम, पाणी, धुम्मस, वर दगडांचं सोलिंग आणि काँक्रीट, एवढं केलं तर वरती काहीही घाला, खचणार नाही. लोक सगळे पैसे टाइलवर घालतात आणि भरावाला ट्रॅक्टरने आणून ओतलेली माती.

मामा : हे मात्र लाखातलं बोललीस.

बाईंनी न्हाणीघराची तक्रार काढली. खालच्या मजल्याच्या छताला ओल आली होती आणि लोणा फुटला होता. यावर दोघांचं दोन वाक्यांत एकमत झालं. आधी जाळी बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं. पातळी उतरली आणि खालची ओल वाढली, तर वरच्या टाइल्स बदलून किंवा फटींत पांढरं सिमेंट भरून काही होणार नाही. सनकनपर्यंत, म्हणजे न्हाणीघराच्या खाली घेतलेल्या स्लॅबपर्यंत, खोदून वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागेल, विशेषतः पाइप जिथे स्लॅबमधून जातो त्याच्या गळ्याशी. नव्या जमिनीला मीटरला दीड सेंटिमीटर उतार, आणि तोही जाळीकडे. टाइल फुटी घ्या, दोन फुटी नको. मोठ्या टाइलला चहूकडून उतार देता येत नाही.

मग भाचीने एक अट घातली, आणि तिचा आवाज चढला.

भाची : मामा, कटर पाणी सोडूनच चालवायचा. कोरडा नाही. पोरांना मास्क, तोही नीट बसणारा, गमछा नाही.

मामा : गमछा बांधूनच आयुष्य गेलं माझं.

भाची : तुमच्या बरोबरीचे किती जण खोकत घरी बसलेत ते तुम्हीच मला सांगितलंय. या टाइलमध्ये क्वार्ट्झ असतं. कोरडी कापली की त्याची पीठासारखी धूळ उडते, ती छातीत जाते आणि बाहेर येत नाही. सिलिकोसिस झाला की त्यावर औषध नाही. काकू, तुम्ही पण लक्ष ठेवा. घरात पांढरा धूर दिसला की काम थांबवायला सांगा.

मामांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, पाणी सोडून कापलं की वेळ लागतो, आणि फुटावर ठरलेल्या कामात वेळ म्हणजे पोटाला चिमटा.

मला वाटतं, त्या दुपारचं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. कोरडा कटर, पाठीला लावलेले पाच गोळे, न मारलेले टोचे, गाळलेली मधली घासणी, यांच्यामागे मिस्त्रीचं अज्ञान फार थोड्या वेळा असतं. चौरस फुटाला इतके असा भाव आपण पाडतो आणि सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याला काम देतो. त्या भावात दिसणारा पृष्ठभाग बसतो, न दिसणारं काम बसत नाही. टाइल निवडायला आपण चार दुकानं फिरतो; ती बसवणाऱ्याने खालची जमीन झाडून, धुऊन घेतली का, हे विचारत नाही. माझा कौल आहे की टाइल एक पायरी हलकी घ्यावी आणि वाचलेले पैसे बसवण्याच्या मजुरीत घालावेत. काम निदान स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापुरतं तरी फुटावर न देता रोजावर द्यावं.

शेवटी ठरलं ते असं. हॉल आणि खोल्या उखडायच्या नाहीत; कपाटाखालच्या दोन टाइल्स दारापाशी लावून सगळ्याला पॉलिश. स्वयंपाकघरात फुल्या पडलेल्या अकरा टाइल्स काढायच्या. तशाच टाइल्स बाजारात मिळणार नाहीत आणि आधीच्या मालकाने एकही जादा ठेवलेली नाही, म्हणून ओट्यासमोरचा सगळा पट्टा वेगळ्या रंगाच्या मॅट टाइल्सचा. ही कल्पना भाचीची, आणि तिथेच पाणी सांडतं म्हणून ती मामांनाही पटली. खालच्या मोझॅकला टोचे, वर केमिकल, तीन मिलिमीटरची फट. उरलेल्या टाइल्सना सरकायला जागा मिळावी म्हणून सगळं स्कर्टिंग काढून भिंतीकडेची फट कटरने मोकळी करायची. अर्थात पाणी सोडून. मुलाला फोनवर हे पटवायला भाचीला पाऊण तास लागला.

तुमच्या घरी काम निघालं तर एवढं करा. बसवलेली फरशी आठवडाभर मुरू द्या. शेवटचा हप्ता देण्याआधी मिस्त्रीला सोबत घेऊन हातातल्या नाण्याने प्रत्येक टाइल वाजवा. बद्द वाजेल ती तेव्हाच बदलून घ्या, तेव्हा ते काम तासाभराचं असतं. आणि त्याच लॉटचं एक जादा खोकं माळ्यावर ठेवा. खोक्यावर छापलेला लॉट नंबर आणि शेड नंबर बिलावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच कंपनीची त्याच नावाची टाइल मिळाली, तरी तिची शेड जुळेलच याची खात्री नसते.